डाव्या बाजूची सीट

लग्न होऊन मी नगरला आले तेव्हा घर मला सासूबाईंनी दाखवलं. मनमाड रस्त्याला, नागापूरच्या अलीकडे, दोन खोल्या, पुढं ओटा आणि एका अंगाला पत्र्याची मोठी शेड. चूल कुठं, पाणी कुठून आणायचं, सरपण कुठं ठेवायचं, सगळं सांगून झालं. शेडपाशी आल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "तिकडं दादाचं काम आसतं. आपलं काय न्हाई तिकडं."

दादा म्हणजे माझे थोरले दीर. ट्रक, ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, जे येईल ते दुरुस्त करायचे. माझे यजमान नागापूरच्या नव्या वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जायचे. दादा माझ्याशी बोलत नसत. थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलू नये अशी तेव्हा रीत होती. मीठ हवं असलं तरी ते सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "जरा मीठ लागंल."

शेडच्या आतल्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. स्वयंपाकाच्या खिडकीतून ते बरोबर समोर यायचं. मी भाकरी थापताना मान वर केली की ते दिसायचं, आणि सासूबाई तिथं बसल्या की हमखास खिडकीकडं पाठ करून बसायच्या. एकदा मी यजमानांना विचारलं. ते बूट घालत होते. मान वर न करता म्हणाले, "गाडी आहे. वहिनी त्या गाडीत गेली."

मग हळूहळू मला कळत गेलं, थोडं यांच्याकडून, थोडं शेजारणींकडून. गाडी अमेरिकन, मोठ्या लढाईच्या आधीची, कुणा जुन्या इनामदाराची. त्यांच्या गोठ्यात कडब्याखाली पडली होती. दादांनी ती भंगार म्हणून आणली आणि चालती केली. पहिल्या लांबच्या प्रवासाला म्हणून ते जाऊबाईंना घेऊन त्यांच्या माहेरी, राजूरला गेले. येताना अकोले गावाकडच्या घाटात ब्रेकची तार तुटली. गाडी वळणावरून खाली ओघळीत गेली आणि उलटली. जाऊबाई जागीच गेल्या. दादांचं फक्त गळ्याजवळचं हाड मोडलं. दहाव्याला ते राजूरला गेले तेव्हा जाऊबाईंच्या आईनं त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग दादा परत घाटात गेले, ट्रक लावून ती चेपलेली गाडी वर काढली आणि घरी आणली. कशाला आणली, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

जाऊबाईंचा फोटो घरात नव्हता. त्यांचं शिवणाचं मशीन होतं. सासूबाईंनी ते माझ्या हवाली केलं. "तू चालव, न्हाई तर गंजंल." खणात एक अर्धवट शिवलेलं पोलकं होतं, निळं, एक बाही लावलेली आणि दुसरी नुसती टाचलेली. मी ते अंगाला लावून पाहिलं. माझ्या खांद्यांना ते पुरलं नसतं. इतकी लहानशी बाई होती ती, एवढंच त्यांच्याबद्दल माझं मला कळलेलं.

लग्नानंतरच्या दिवाळीला दादांनी ताडपत्री काढली.

आमच्या नगरात लष्कराचं सामान लिलावात निघायचं, डिस्पोजलचं म्हणायचे त्याला. जुन्या जीपा, इंजिनं, टायर, कसले कसले पट्टे आणि घड्याळं. दादा तिथून काही ना काही आणू लागले. जुनं इंजिन उतरवलं आणि जीपचं बसवलं. तारेचे ब्रेक काढून ऑईलचे केले, चारही चाकांना. दिवे बदलले, बॅटरी मोठी आली. चेपलेले मडगार्ड त्यांनी पुन्हा लावलेच नाहीत, आणि वरचा टप तर उरलाच नव्हता. काच बुटकी करून तिरकी बसवली. त्यामुळं ती गाडी सगळी खाली दबून बसल्यासारखी, उघड्या चाकांची, पुढं झेप घ्यायला निघाल्यासारखी दिसू लागली. रस्त्यानं जाणारे लोक थांबायचे. "शर्यतीची गाडी करताय काय?" असं एकानं विचारलं. दादा म्हणाले, "न्हाई. घरची हाय."

एका दुपारी मला शेडमधून त्यांचा आवाज ऐकू आला. हळू बोलत होते, मध्येच थांबत होते, जसं कुणाचं तरी ऐकून घ्यावं तसं, आणि पुन्हा बोलत होते. कुणी गिऱ्हाईक आलं असेल म्हणून मी दोन कप चहा केला आणि घेऊन गेले. शेडमध्ये ते एकटेच होते. त्यांनी दोन कपांकडं पाहिलं. एक उचलला आणि दुसरा गाडीच्या डाव्या बाजूला, दाराच्या पट्टीवर ठेवला. मी संध्याकाळी कप न्यायला गेले तर दोन्ही रिकामे होते. दोन्ही त्यांनीच प्यायले असणार. मी सासूबाईंना काही सांगितलं नाही.

सीटांचं काम निघालं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. तपकिरी रेक्झिनचा गठ्ठा ओट्यावर ठेवून ते म्हणाले, "तुम्हाला शिवता येतं. हे होईल का?"

मशीनवर रेक्झिन चालेना, सुया मोडायला लागल्या. मग मी दाभण घेऊन हातानंच टाके घातले. मागची सीट झाली, चालवणाऱ्याची झाली. डावीकडच्या सीटचं माप त्यांनी मला दोरीनं दिलं. दोरी लहान होती. मी म्हणाले, "दादा, ही सीट अरुंद होईल. आणि पुढं एवढी घेतली तर बसणाऱ्याचे गुडघे लागतील."

"लागणार नाहीत," ते म्हणाले. "पाय टेकले पाहिजेत फक्त. मागच्या वेळी पाय टेकत नव्हते."

सीटपुढं खाली त्यांनी पाय ठेवायला लाकडी फळी बसवली, वर रबर लावून. समोर धरायला जीपमध्ये असते तशी लोखंडी मूठ बसवली. मग डिस्पोजलमधून आणलेला जाड कापडी पट्टा काढला, कसल्यातरी लष्करी यंत्रातला, कमरेला बांधायचा. तो त्यांनी फक्त डाव्या सीटला लावला. त्याचं बक्कल मी लावून काढून पाहत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण कुणाचं शिवतो आहोत. माझ्या हातातून दाभण पडला. तो मी उचलला आणि राहिलेले टाके घातले, कारण काम अर्ध्यावर सोडून उठायचं कसं, हेही मला कळेना.

गाडी तयार झाली तो दुष्काळाचा उन्हाळा होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. घरात पाणी भांड्याभांड्यानं वापरायचं, पण दादांनी रेडिएटरसाठी दोन डबे बाजूला भरून ठेवले होते. जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, "उद्या राजूरला जाऊन येतो."

सासूबाईंचा हात ताटावरच थांबला. "त्या गाडीनं?"

"त्याच."

त्या उठून आत गेल्या. माझं माहेर संगमनेरचं, वाटेवरच. आईकडं जायचं माझं घाटत होतंच. यजमानांना सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तू त्याच्या गाडीनं जा. संगमनेरला उतरू मात्र नको. त्याला घाटात एकटं जाऊ द्यायचं नाही." यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

आम्ही उजाडताच निघालो. मी मागच्या सीटवर. पुढची डावी सीट मोकळी, पण पट्टा लावलेला, घट्ट. राहुरी गेली, कोल्हार गेलं. टप नसल्यामुळं वारा तोंडावर यायचा, डोक्यावरचा पदर धरून धरून माझा हात भरून आला. गावागावांत लोक वळून बघायचे. एका ठिकाणी रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत होत्या. त्यातली एक सरळ उभी राहिली आणि गाडी जाईपर्यंत पुढच्या सीटकडंच बघत राहिली. नुसती नवलाईनं बघत असेल. पण मी मागं वळून पाहिलं तर ती अजून तशीच उभी.

संगमनेरला दादांनी गाडी हळू केली. मी म्हणाले, "मी राजूरलाच येते. येताना उतरेन." त्यांनी पुन्हा वेग घेतला.

घाट चढताना त्यांनी एका वळणावर डोकं जरासं खाली घातलं, देवळासमोरून जाताना घालावं तसं. मला जागा कळली. तिथं काहीच नव्हतं, कडेला चुना लावलेले दोन-तीन दगड आणि खाली वाळलेली ओघळ. गाडी वर सपाटीला आली. आता सरळ राजूर, असं मला वाटलं, तर त्यांनी गाडी वळवली आणि परत उताराला लागले.

"दादा, राजूर पुढं आहे."

"माहीत आहे. जरा थांबा."

उतारावर गाडीनं वेग धरला. वळण आलं आणि त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"थांबली," ते म्हणाले. मला नाही. डावीकडं तोंड करून म्हणाले.

मग पुन्हा वर. पुन्हा खाली, मघापेक्षा जोरात. पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. "थांबली." त्यांनी वाकून डाव्या सीटचा पट्टा आणखी आवळला आणि गाडी परत चढाला घातली. तिसऱ्या वेळी खाली येताना मी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती. खडीवर चाकं घसरली, गाडी तिरकी झाली आणि पुढचं चाक चुन्याच्या दगडाला लागून थांबलं. बॉनेटमधून वाफ यायला लागली. इंजिन तापलं होतं.

पाणी निवेपर्यंत थांबणं भाग होतं. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. इंजिन थंड झालं की ते पुन्हा वर जाणार आणि आणखी जोरात खाली येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी खाली उतरले आणि डाव्या दाराशी गेले.

"दादा, मी पुढं बसते."

"पुढं जागा नाही."

"जागा मीच शिवलीय. मला माहीत आहे ती कुणाची."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खूप वेळानं बक्कल काढलं. मी आत बसले. रेक्झिन उन्हानं तापलेलं होतं, हे मला माहीत होतं. पण ती ऊब मला उन्हाची वाटली नाही. कुणीतरी आत्ता उठून आपल्याला जागा करून दिली, तशी ती होती. फळीमुळं माझे गुडघे वर आले होते आणि पट्टा मला पुरत नव्हता.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. "हळू चालवा."

तेव्हा ते बोलले. समोर ओघळीकडं बघत बोलले. "मी ब्रेक दाबला, पाय नुसता खाली गेला. ती ओरडली नाही. काहीच म्हणाली नाही. माझी बाही धरली नुसती. धरायला दुसरं काही नव्हतंच गाडीत."

मी त्या लोखंडी मुठीवर हात ठेवून बसले होते. तो काढावा की ठेवावा, मला सुचेना. इंजिन निवलं. दादांनी डब्यातलं पाणी ओतलं, गाडी वर नेली, आणि या वेळी वळवली नाही.

राजूरचा त्या दिवशी बाजार होता. डोंगरातली माणसं टोपल्या घेऊन बसली होती, ती उठून गाडीमागं आली. जाऊबाईंच्या आईचं घर गावाच्या कडेला. गाडीचा आवाज ऐकून म्हातारी दारात आली. लहानशी, वाळकी, डोक्यावर पदर. तिनं दादांकडं पाहिलं नाही. पुढच्या सीटकडं पाहत राहिली. माझा पदर वाऱ्यात सावरता सावरता पार कपाळावर आला होता.

"उतर की," ती म्हणाली. "किती येळ बसशील?"

मी उतरले. ती मला म्हणाली की आणखी कुणाला, हे तेव्हाही कळलं नाही आणि पुढं कधी विचारायचा धीर झाला नाही. ती जवळ आली, माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "तू धाकल्याची व्हय?" मी मान हलवली. "या आत," ती म्हणाली. दोघांनाही.

तिनं पाणी दिलं. दादा उंबऱ्यापाशीच बसले, आत आले नाहीत. मग दादा म्हणाले, "आई, मी तार बदलायला पाहिजे होती. जुनी होती. मला दिसलं होतं ते."

"मला तारंबिरंचं काय कळत न्हाई," म्हातारी म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती. "तिला यष्टीनं जायाचं हुतं."

दादांनी मान वर केली.

"सकाळी म्हनली, आई, मोटारीत माझं पोट ढवळतं. ह्यांना जाऊ दे म्होरं, मी यष्टीनं जाते. म्या आयकलं न्हाई. म्हनलं, नवरा मोटार घिऊन आलाय, सारं गाव बघतंय, न् तू यष्टीनं जाशील? म्याच बसवली तिला. हाताला धरून."

"मला ती काही बोलली नाही," दादा म्हणाले.

"न्हाई बोलली. म्या गप केली तिला." थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुमी दहाव्याला आला तवा मला वाटलं, आता हे इचारत्याल. म्हनून दार लावलं."

दादांनी तोंडावर पंचा धरला. त्यांचे खांदे हलत होते. मी उठून चुलीपाशी गेले आणि उगाच राख सारखी करत राहिले. म्हातारीनं त्यांना समजावलं नाही, त्यांनी तिला समजावलं नाही. दोघंही आपापल्या जागी बसून राहिली.

ऊन कलल्यावर ती म्हणाली, "मला तिथं न्या. मी त्या रस्त्यानं पुन्यांदा गेलेच न्हाई." तिनं ट्रंकेतून एक खण काढला, ताटातले तांदूळ ओंजळीत घेऊन खणात बांधले, आणि दारात ठेवलेला नारळ घेतला. गाडीत दादांनी तिला पुढं बसवलं. तिचे पाय त्या फळीवर अलगद टेकले. सीट तिला अगदी बेतानं बसली. दादांनी पट्टा बांधला, तिचा हात घेऊन मुठीवर ठेवला. त्यांचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, आणि तो दिसला नाही हे बरंच झालं.

गाडी घाटात पायी चालल्यासारखी हळू उतरली. वळणावर थांबली. म्हातारी उतरली, दगडांपाशी गेली, खणाची ओटी ठेवली, नारळ ठेवला. वाकून ओघळीत बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाली आणि म्हणाली, "चल बाई आता. सांज व्हाया लागली."

माघारी वळली ती सावकाश आली, कुणाच्यातरी चालीनं चालावं तशी. सीटवर बसली ती अंग चोरून, दाराच्या बाजूला, अर्धी सीट मोकळी ठेवून. दादांनी पट्टा बांधायला हात पुढं केला. तिनं तो हात बाजूला सारला.

"दोघींला एक कसा पुरंल?" ती म्हणाली.

दादांनी पट्टा सोडून दिला. गाडी राजूरकडं चढू लागली. मी मागं एकटीच होते. माझ्या अंगावर काटा आला होता, पण खरं सांगायचं तर भीती नव्हती वाटत. पुढं तिघं बसलेत आणि आपण मागं, असंच मला राजूर येईपर्यंत वाटत राहिलं.

परतताना दादांनी मला संगमनेरला माझ्या माहेरी सोडलं. ते एकटे नगरला सुखरूप पोचल्याचा निरोप ओळखीच्या कंडक्टरनं आणून दिला, तेव्हा मी जेवले. त्यानंतर दादा वर्षातून दोन-तीनदा त्या गाडीनं राजूरला जात. पुढं म्हातारीला दिसेनासं झालं, तेव्हा तिला आमच्याकडंच आणलं. शेवटचा हिवाळा ती आमच्या घरी होती. सासूबाई आणि ती दोघी ओट्यावर उन्हाला बसायच्या, फारसं बोलायच्या नाहीत. ती गेल्यावर दादांनी गाडी विकली, श्रीरामपूरकडच्या एका माणसाला. तो ती लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायचा.

काही वर्षांनी मी बसमधून माहेरी चालले होते. राहुरीत वरातीनं रस्ता अडला होता. खिडकीतून पाहिलं तर तीच गाडी, लाल रंग दिलेली, झेंडूच्या माळांनी झाकलेली. मागं नवरानवरी. बँड वाजत होता. बस कडेनं निघून गेली.

घरी परतल्यावर जेवताना मी दादांना हे सांगितलं. तोवर आम्ही बोलत होतो एकमेकांशी. त्यांचा घास हातातच राहिला.

"पुढं कोण बसलं होतं?"

"गर्दी होती," मी म्हणाले. "दिसलं नाही."

त्यांनी मान हलवली, आणि थोड्या वेळानं अर्धी भाकरी मागितली.